हात मागे बांधून

शिकवताना सुभेदार दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायची. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं, मान जराशी पुढे, डोळे समोरच्याच्या बोटांवर. समोर एखादा इंटर्न घाम पुसत पेशंटची शीर शोधत असायचा. सुई चुकायची आणि आम्ही बाकीचे मनातल्या मनात म्हणायचो, बाई गं, घे ती सुई आणि मोकळं कर सगळ्यांना. पण तिचे हात काही पुढे यायचे नाहीत. ती एवढंच म्हणायची, "रुको. साँस लो. अब आँख से नहीं, उँगली से ढूँढो." दुसऱ्यांदाही चुकलं तर मात्र ती पेशंटची माफी मागून स्वतः सुई लावायची. तिसरी टोचणी शिकणाऱ्याच्या वाट्याला नाही, हा तिचा कायदा होता. त्यामुळे दुसऱ्या वेळी आमची बोटं फार शहाणी व्हायची.

सुभेदार हे नाव अंकितने ठेवलं. अंकित माझ्याबरोबरचा इंटर्न, झज्जरकडचा, अंगाने पैलवान आणि मनाने अगदी मऊ. पहिल्या दिवशी तिला तशी हात मागे बांधून उभी पाहिली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ये मैडम हैं कि सूबेदार?" झालं. आठवड्याच्या आत सगळ्या वॉर्डात ती सूबेदार मैम झाली. तिचे वडील खरोखरच फौजेत सुभेदार आहेत आणि दिल्ली कँटोनमेंटच्या क्वार्टरमध्ये राहतात, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. कळलं तेव्हा दोन दिवस तो तिच्यासमोर यायला तयार नव्हता. तिला नाव आवडलेलं दिसलं. फोनवर हाक मारताना ती स्वतःच म्हणायला लागली, "सूबेदार बोल रही हूँ, ब्लड बैंक गए कि नहीं?"

ज्यांनी सरकारी मेडिकल कॉलेज आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे इंटर्न म्हणजे नुकता डॉक्टर झालेला, सगळ्यांचा हरकाम्या. त्याच्या वर ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे एमडी करायला आलेले. सुभेदार यातली, शेवटच्या वर्षाची. त्यांच्या वर सर लोक, आणि सगळ्यात वर विभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणत असू. शिकवायचं काम कागदावर सर लोकांचं. ज्युनिअर रेसिडेंटचं काम पेशंट बघणं आणि आपली परीक्षा पास होणं. शिकवणं त्याच्या कामात कुठेही लिहिलेलं नाही. पण दिल्लीतल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, सुई धरायला कोणी शिकवलं? तो एखाद्या रेसिडेंटचंच नाव घेईल. सरांचं घेतलं तर समजा समोर सर बसलेत.

मला तिने शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे बसणं. सकाळी एका आजीबाईंच्या खाटेशी उभी राहून मी भराभर प्रश्न विचारत होते. कब से दर्द है, बुखार है, खाँसी है? मागून आवाज आला, "स्टूल कहाँ है?" मला वाटलं तिला बसायचंय. मी धावत जाऊन स्टूल आणलं. "मेरे लिए नहीं. बैठो." मी बसले. आजीबाईंचे डोळे आणि माझे डोळे एका रेषेत आले आणि काय सांगू, त्यांनी स्वतःहून बोलायला सुरुवात केली. सून जेवायला कमी देते इथपासून ते दोन महिने रोज रात्री घाम येतो इथपर्यंत. आजार त्या घामात होता. बाहेर आल्यावर सुभेदार म्हणाली, "उभ्याने विचारलं की पेशंट उभ्याउभ्याच सांगतो." हे मराठीत म्हणाली. माझ्या कोटावरचं आडनाव तिने वाचलं होतं.

मी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली, करोलबागेत वाढलेली. माझ्या मराठीत निम्मी हिंदी. तिची मराठी साताऱ्याकडच्या माणदेशातली. वडिलांच्या बदल्यांबरोबर देशभर फिरूनही तिने ती जपून आणली होती. मी म्हटलं, "मॅडम, आपण बिल्कुल आमच्या मावशीसारखं बोलता." त्यावर म्हणाली, "वॉर्डात मॅडम. दाराबाहेर ताई. आणि आपण-बिपण नको, कानाला टोचतं." तेव्हापासून मला दोन माणसं मिळाली. आतली सुभेदार, जिला मी 'जी मैम' म्हणायचे, आणि बाहेरची ताई, जी कँटीनमध्ये माझ्या ताटातली भेंडी न विचारता उचलायची.

हात मागे का बांधतेस, असं मी तिला त्याच कँटीनमध्ये विचारलं. ती म्हणाली, "माझे हात पुढे असले ना, तर तुझं लक्ष सुईवर राहत नाही. मनात म्हणत असतेस, चुकलं तर ही आहेच. मग तू करतच नाहीस काही, माझीच वाट बघत बसतेस." मग म्हणाली, "आणि माझे हात गपगुमान बसत नाहीत गं. म्हणून धरून ठेवते." आम्ही दोघी हसलो. तेव्हा त्यात हसण्यासारखं होतं.

तिला काय हवं होतं ते ती लपवत नसे. एमडी झाली की याच विभागात सीनिअर रेसिडेंटची जागा, मग असिस्टंट प्रोफेसर, आणि मग आयुष्यभर हेच. बाकीचे रेसिडेंट गुरुग्रामच्या चकाचक हॉस्पिटलांची स्वप्नं बघायचे. हिला टाइलच्या जागी सिमेंट मारलेला हा वॉर्ड हवा होता. "मला शिकवायला पायजे," ती म्हणायची. "दुसऱ्याला सांगताना अडखळले की कळतं, हे मला येतच नव्हतं." मोठ्या सरांनी तिला शब्द दिला होता. त्या जागेसाठी त्यांचीच शिफारस चालायची, त्यामुळे ते पक्कं धरलं होतं आम्ही सगळ्यांनी.

आणि का देणार नाहीत शब्द? वेळापत्रकात सकाळचा क्लिनिकचा वर्ग मोठ्या सरांच्या नावावर असायचा. त्या वेळी सरांची हमखास कुठेतरी मीटिंग निघायची. वर्ग सुभेदार घ्यायची. हजेरीपटावर शिकवणाऱ्याच्या रकान्यात सरांचं नाव आधीच छापलेलं. दरवर्षी शिक्षक दिनाला विद्यार्थी उत्तम शिक्षकासाठी मतं द्यायचे. त्या वर्षी बऱ्याच मुलांनी छापील नावं सोडून खाली मोकळ्या जागेत 'सूबेदार मैम' असं लिहून टाकलं. ती सगळी मतं बाद झाली आणि शाल मोठ्या सरांना मिळाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताई मात्र पहिल्या रांगेच्या मागे उभी राहून जोरजोरात टाळ्या वाजवत होती. मी म्हटलं, "तुला काहीच वाटत नाही का गं?" तर म्हणते, "वाटतं की. बाद मतं किती होती ते विचारून आले मी." आणि सांगितलं नाही शेवटपर्यंत.

आता अंकितबद्दल. त्याचे हात मोठे आणि भित्रे. काचेची नळी हातात घेतली की आता फुटणार असं त्याला स्वतःलाच वाटायचं. बाकीचे रेसिडेंट त्याला फाइली आणायला पाठवायचे, कारण त्यात काही फुटत नाही. सुभेदारने त्याला उचलला. आधी शीर, मग कॅथेटर, मग पोटातलं पाणी काढणं. महिनाभरात तो बदलला. पेशंटजवळ स्टूल ओढून बसायचा, "ताऊ, के हाल सै?" म्हणायचा, आणि त्याचे हात थरथरेनासे झाले. एकदा मला म्हणाला, "मेरे बापू के बाद किसी ने मुझ पर इतना भरोसा नहीं किया." हे सांगताना तो नळाखाली तोंड धरून पाणी पीत होता, म्हणजे मला त्याचे डोळे दिसू नयेत.

धुक्याचे दिवस होते. दिल्लीची हवा अशी की निरोगी माणूसही खोकावा, आणि आमचा वॉर्ड तर छातीच्या आजाऱ्यांनी भरलेला. त्यातले एक चाचा, शिवणकाम करणारे. छातीत पाणी झालेलं, उशीला टेकून बसल्याशिवाय श्वास घेता येत नव्हता. सुई कुठे घालायची ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीची तारीख पुढच्या आठवड्याची मिळालेली. सकाळच्या राउंडला मोठे सर म्हणाले, "आज ही निकाल दो," आणि कॉन्फरन्सला गेले. कोणी काढायचं हे ते बोलले नाहीत आणि कोणी विचारलंही नाही. असं कधीच कोणी विचारत नसे.

सुभेदारने सगळं नेहमीसारखं केलं. चाचांजवळ बसली. "ये डॉक्टर अंकित हैं. सुई ये लगाएँगे, मैं इनके पीछे खड़ी हूँ. आपको ठीक है?" चाचा म्हणाले, "लगाने दो बेटी, सिलाई भी तो ऐसे ही सीखते हैं." तिने त्यांना सांगितलं की खोकला आला तर आधी हात वर करा. अंकितने पाठीवर बोटांनी वाजवून पाणी कुठवर आहे ते शोधलं, पेनने खूण केली. तिने स्वतः वाजवून पाहिलं. खूण बरोबर होती. मी औषधांचा ट्रे धरून शेजारी उभी होते. सुई आत गेली, पिवळं पाणी यायला लागलं. अंकितच्या चेहऱ्यावर हसू आलं. सुभेदारचे हात पाठीमागे होते.

चाचांना खोकला आला. हात वर करायला त्यांना वेळच मिळाला नाही. असा खोकला आला की सुई ताबडतोब मागे घ्यायची, हे अंकितला पाठ होतं. पण तो गोठला. सुभेदारचे हात मागून सुटले, पुढे आले, तिने सुई ओढून काढली. मी शपथेवर सांगते, यात पापणी लवण्याइतका वेळ गेला असेल. पण तेवढ्यात सुईचं टोक फुप्फुसाला लागलं होतं. थोड्या वेळाने चाचांना दम लागला. एक्स-रेमध्ये छातीत हवा दिसली. मग बरगड्यांमधून नळी घालावी लागली. ती तिने स्वतः घातली.

हा अपघात चांगल्या चांगल्यांच्या हातून होतो. पुस्तकात त्याचं नाव आहे, उपचार आहे. चाचा नळी निघून आपल्या पायांनी घरी गेले. पण त्या दिवशी त्यांचा मुलगा आला, तोवर शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाने त्याला सांगून झालं होतं की सुई शिकाऊ पोराने लावली. मुलाने फोन काढला आणि वॉर्डात फिरत व्हिडिओ केला. "मेरे अब्बा पे हाथ साफ कर रहे थे ये लोग. ट्रेनिंग चल रही थी." चाचा नळी लावलेल्या अवस्थेत सांगत होते, "बेटी ने मुझसे पूछा था." ते त्या व्हिडिओत ऐकूही येतं, पण कोणाला ऐकायचं होतं? त्या मुलाचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. माझ्या वडिलांना कोणी असं केलं असतं तर मीही फोन काढला असता. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या शहरात फिरला.

चौकशी समिती बसली. मला आधी बोलावलं. पाहिलं ते सांगितलं. त्यातल्या एका बाईंनी मला तीन वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलं: डॉक्टरांचे हात कुठे होते? मी म्हटलं, "पाठीमागे." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "पीठ के पीछे? क्यों?" आता ते एका वाक्यात कसं सांगणार? मी सांगायला लागले तर म्हणाल्या, "बस, इतना काफी है."

मग मोठ्या सरांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं. सर काही दुष्ट नव्हते, हे मला आज मान्य करावं लागतं. त्यांनी तिला चहा दिला. म्हणाले, "बेटा, तू एवढंच लिही, की तू वॉर्डात होतीस, पण शिकवत नव्हतीस. मुलाने आपल्या मनाने केलं. तसंही शिकवणं तुझ्या कामात येत नाही, म्हणजे यात खोटं काही नाही. इंटर्नला काय, दोन-तीन महिने जास्तीचे करावे लागतील. तुझी जागा मी राखून ठेवलीये." ताईने हे मला जसंच्या तसं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "बघ गं गौरी. शिकवायची नोकरी पाहिजे, तर लिहून द्यायचं की मी शिकवतच नव्हते."

विचार करायला तिला रविवार दिला होता. त्या दुपारी मी तिच्याबरोबर कँटोनमेंटला गेले. तिच्या आईने ज्वारीची भाकरी केली होती, पण ती ताटातच गार होत होती. आई एकच धोशा लावून होत्या: "दे लिहून. सगळं जग लिहून देतंय. तुझं आयुष्य आहे हे, परेड ग्राउंड नाही." मी आईंच्या बाजूने होते. म्हटलं, "ताई, अंकितचे दोन महिने जातील. तुझं सगळंच जाईल. हिशोब कर ना यार." सुभेदारसाहेब, खरे सुभेदार, खिडकीशी बसून बुटांना पॉलिश करत होते. ब्रश थांबवून त्यांनी लेकीला विचारलं, "त्या पोराला तू सांगितलं व्हतंस?"

"हो."

"मग आता इचारायलीस काय?"

आणि पुन्हा ब्रश फिरवायला लागले. आई ताट उचलून आत निघून गेल्या. त्या वेळी मला त्या माणसाचा असा राग आला की उठून चालू पडावं. ताई मात्र वडिलांकडे बघत राहिली. मग स्वतःचेच हात उलटेपालटे करत मला हळूच म्हणाली, "ते लिहायचं काही नाही गं. ते मी लिहिणारच होते. मला दुसरंच खातंय. हात पुढे असते तर?"

मी म्हटलं, "तर अंकित शिकला नसता."

"आणि चाचांच्या छातीत नळी गेली नसती," ती म्हणाली.

तिने लिहून दिलं ते अगदी दोन ओळींचं होतं. 'डॉ. अंकित यांना मी शिकवत होते. त्यांनी मी सांगितलं तसंच केलं.' समितीचा निकाल आला, त्यात लिहिलं होतं की सदर रेसिडेंट डॉक्टर विनापरवाना शिकवत होत्या. एवढी वर्षं हजेरीपटावर ज्या रकान्यात दुसऱ्याचं नाव छापलं, तिथे तिचं नाव कधी आलं नाही. पण ती शिकवत होती हे कॉलेजने शेवटी कागदावर मान्य केलं ते हे असं. अंकितला समज देऊन सोडलं. ताईला परीक्षेला बसू दिलं, पण सहा महिने उशिरा. सीनिअर रेसिडेंटच्या जागेवर दुसरं माणूस आलं. मोठे सर मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "ज़िद्दी लड़की है," आणि त्यांचा आवाज जड झाला होता. मला तो जड आवाज तेव्हाही पटला नाही.

निकालाबरोबर एक नोटीस लागली. यापुढे कन्सल्टंट, म्हणजे प्राध्यापक दर्जाचे सर लोक, हजर असल्याशिवाय रेसिडेंटनी कोणालाही पेशंटवर काही शिकवू नये. वाचायला किती शहाणी नोटीस. कन्सल्टंट अर्थातच हजर राहायला लागले नाहीत. मग काही महिने कोणी कोणाला काही शिकवलंच नाही. इंटर्न मोबाइलवर व्हिडिओ बघून सुया टोचायला लागले. ते विनापरवाना नव्हतं, कारण त्यात शिकवणारं कोणी नव्हतं. मग हळूहळू रेसिडेंट पुन्हा गुपचूप शिकवायला लागले, आणि नोटीस काचेच्या फळ्यात तशीच राहिली. आम्हाला ती दिसेनाशी झाली.

ताई एमडी झाली. पेढे द्यायला आली ती वॉर्डाच्या आत आली नाही, दारातच उभी राहिली. मी म्हटलं, "चल, आत सगळे आहेत." तर म्हणाली, "नको. आत गेले की माझे हात मागे जातील." अंकित तिच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला दंडाला धरून उभं केलं आणि ओरडली, "पैर क्या पकड़ता है? तू कल किसको सिखाएगा, ये बता." तो पैलवान तिथेच लहान मुलासारखा रडायला लागला.

ती मानेसरला एका कारखान्याच्या दवाखान्यात लागली. आज अंकित रोहतककडे सरकारी दवाखान्यात आहे, आणि मी त्याच आमच्या कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर झालेय. ज्या खुर्चीत तिने बसायचं, तिथे मी. मोठे सर निवृत्त झाले. मी नोकरीला लागल्यापासून प्रत्येक मीटिंगमध्ये एकच टुमणं लावलं होतं, की शिकवणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरांचं कौतुक व्हायला हवं, रीतसर, नाव घेऊन. लोक कंटाळले माझ्या बोलण्याला. अखेर यंदा मान्य झालं. मुलांनी मतं दिली, एकही बाद झालं नाही, आणि दुसऱ्या वर्षाच्या झोया नावाच्या रेसिडेंटला पहिलं प्रशस्तिपत्र मिळणार असं ठरलं. ते देणार कोण? माझ्या मनात एकच नाव होतं. फोनवर ती उडवून लावेल म्हणून मी थेट मानेसरला गेले.

कारखान्याचा दवाखाना स्वच्छ, पांढरा, गार. बसमधून उतरलेली शिफ्ट गेटातून आत चालली होती. ताईच्या केसांत पांढरं आलंय, अंगावर इस्त्रीचा कोट, संध्याकाळी वेळेवर घरी जाते. म्हटलं तर बरं चाललंय. मी पोचले तेव्हा एका कामगाराच्या अंगठ्याला टाके घालायचे होते. नवीन नर्स टाका घालत होती आणि ताई तिला सांगत होती. आवाज तोच. "साँस लो. अब देखो." पण ताई तिच्या मागे उभी नव्हती. शेजारी बसली होती आणि तिचे दोन्ही हात त्या मुलीच्या हातांवर होते. सुई जाईल तिथे तिची बोटं जात होती. टाका चांगला पडला. कोणाचा पडला, ते सांगता आलं नसतं. तिने मान वर केली, मी काय बघतेय ते तिला कळलं. "लागली सवय," म्हणाली. "बैस."

स्टूल तिने पुढे सरकवलं. मी सगळं सांगितलं. प्रशस्तिपत्र, झोया, टाळ्या, तुझ्याच हातून द्यायचं, मी गाडी पाठवते. ती मन लावून ऐकत होती. झोया कशी शिकवते, पेशंटशी कशी बोलते, सगळं खोदून खोदून विचारलं. चेहरा खुलला होता तिचा. मग म्हणाली, "ती नोटीस काढली का?"

"कुठली?"

"काचेच्या फळ्यातली."

मला खरंच आठवेना. माहीत नाही, असं मी म्हटलं.

"बघ जाऊन," ती म्हणाली. "आणि हे सांग. उद्या त्या पोरीसमोर कोणी खोकलं, तर तिच्याबरोबर कोण उभं राहणार? ते लिहिलंय का तुमच्या प्रशस्तिपत्रावर?" रागाने नव्हती बोलत. मी इंटर्न असताना विचारायची तशीच विचारत होती, उत्तर येईपर्यंत थांबायची तयारी ठेवून. निघताना ती गेटपर्यंत आली. "मी नाही यायची गं. टाळ्या वाजवल्यात मी तिथे पुष्कळ. झोयाला आशीर्वाद सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यापाशी गेले. नोटीस होती. कागद पिवळा पडलेला, सही तशीच ठळक. तिला चिकटून, त्याच काचेखाली, झोयाचा हसरा फोटो लावलेला: अभिनंदन, उत्कृष्ट अध्यापनाबद्दल. ज्या गोष्टीची मनाई तिचंच बक्षीस. आणि ते बक्षीस मी भांडून मिळवलेलं. नवे प्रमुख आहेत त्यांच्याकडे गेले, म्हटलं ही काढा. ते म्हणाले, "रहने दो मैडम, वही तो हमें बचाती है." आम्हाला वाचवते. अगदी खरं बोलले.

तिथून मी वॉर्डात गेले. कोपऱ्यातल्या खाटेवर एक काका उशीला कवटाळून पाठ करून बसलेले. एक इंटर्न मुलगी पाठीवर पेनने खूण करत होती, तिच्या मागे झोया. सोनोग्राफीचं मशीन आता वॉर्डातच असतं, ते शेजारी होतं. पण खोकला काही मशीनला विचारून येत नाही. मी जाऊन झोयाच्या मागे उभी राहिले. ती दचकली. "मैम, कुछ काम था?"

"नहीं. तुम सिखाओ. पेशंट की फ़ाइल में लिखना कि मैं यहाँ थी."

"मैम?"

"मेरा नाम लिखना. पहले मेरा, फिर अपना."

तिने इंटर्नला सांगितलं, साँस लो. सुई आत गेली. काकांच्या घशात काहीतरी खवखवलं, त्यांनी हात वर केला, आणि आम्ही तिघी थांबलो. माझे हात कधी पाठीमागे गेले मला कळलं नाही. मनगट मी इतकं घट्ट धरलं होतं की दुपारी ओपीडीत लिहितानाही ते दुखत होतं.